ओळीतला दुसरा तुकडा

"मॅडम, माझं नाव काढलं का तुमी?"

टेबलासमोर एक म्हातारबा उभे. हातात साधा बटणांचा फोन. तेरहून सकाळच्या एसटीनं आले होते. शेतकऱ्यांना रोज हवामानाचा मेसेज पाठवायचा, हे धाराशिवच्या ऑफिसातलं माझं काम. मी फाइल उघडून बघितली.

"नाव आहे की, आबा. मेसेजपण जातोय."

"जातोय. पर त्यात म्या न्हाय."

आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या फाइलीत एका शेतकऱ्याची एक ओळ असते. उभ्या रेघा मारून तिचे चार तुकडे केलेले: फोन नंबर, "राम राम" आणि नाव, सल्ला, आणि शेवटी साहेबांचं नाव-हुद्दा. मराठी मेसेज लांबला की दोन भागांत जातो. साध्या फोनवर कधी शेपूट आधी पोचतं, डोकं मागून. तक्रारी आल्या तसे साहेब म्हणाले, "छाटा काहीतरी."

छाटायला कॉम्प्युटरवर cut नावाची कमांड असते. रेघ कुठली आणि कितवे तुकडे ठेवायचे एवढंच सांगायचं, सगळ्या ओळी एका दमात कापून मिळतात. मी टाईप केलं: cut -d'|' -f1,3,4. दुसरा तुकडा गेला. साहेबांचा हुद्दा छाटायची कुणाची टाप? राम राम मला फालतू वाटलं.

"पण आबा, सल्ला तर पोचतोय ना? पाऊस, फवारणी?"

"पावसाचं काय, आभाळ बघून मलाबी कळतंय." ते खुर्चीवर टेकले. "पोरं आबा म्हणत्यात, गाव आबा म्हणतंय. बांधाशेजारचा एक दोस्त तेवढा नावानं हाक मारायचा. त्यो गेला. मंग सकाळी ह्यो फोनच म्हणायचा, राम राम मारुतीराव. राव लावून तर जन्मात कुणी म्हणलं न्हवतं! चा पीत वाचायचो. एक दिवस बंदच झालं. वाटलं, सरकारनं मेल्यात धरलं का काय."

मला लई वाईट वाटलं. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, राम राम परत घालते. चौथा तुकडा काढते."

"चौथा कुठला?"

"तुमचा."

"अहो, सल्ला कोण देतंय ते लोकांना कळायला नको?"

"तेरचे आबा बाहेर बसलेत. तुम्हीच समजावून सांगा त्यांना."

साहेबांनी दारातून बाहेर बघितलं. "काढा," म्हणाले. "दिवाळीच्या शुभेच्छांत मात्र ठेवा."

-f1,2,3 केलं आणि आबांना मेसेज पाठवला. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवून मोठ्यानं वाचला.

"हां. आता आलो त्यात," म्हणाले, आणि एसटी गाठायला निघाले.

तेव्हापासून कुठलीही ओळ कापण्याआधी तुकडा कुणाचा आहे ते बघते. कमांडला ते कळत नाही.

त्याच संध्याकाळी मी फाइलीच्या तळाशी एक ओळ वाढवली. नंबर माझा, नाव माझं. ऑफिसात मी मॅडम, घरमालकाला वरच्या बाई. आई गेल्यापासून शैला म्हणणारं कुणी राहिलं नाही. मला ना शेत ना फवारणी, तरी रोज सकाळी मेसेज वाचते. साहेबांनी विचारलंच तर सांगायचं, टेस्टिंगला नंबर टाकलाय.