नथूदादाचं विमान आणि माझी तीस खोकी

आमच्या नथूदादाला त्याच्या विमानाबद्दल विचारू नये. विचारलंत तर चहा गार होतो. कुसगावातून हवाई दलात गेलेला हा माझा थोरला भाऊ, चार पंख्यांच्या मालवाहू विमानावर वीस वर्षं लोडमास्टर होता. कुठे किती वजन ठेवायचं ते तो ठरवायचा आणि मालासोबत स्वतः उडायचा. तो निवृत्त झाला, पुढे विमानही झालं. एका खासगी कंपनीनं ते विकत घेतलं, सैनिकांची बाकडी काढली, हिरवा रंग खरवडून पांढरा दिला. पण त्या पोटातली एकेक कडी माहीत असलेला माणूस त्यांच्याकडे नव्हता. मग घरी फोन आला. दादानं आधी दाढी केली, मग होकार दिला. असा माणूस.

गेल्या फेब्रुवारीत आमचे मावळातले गुलाब त्याच विमानानं गुवाहाटीला जायचे होते. पाचशे खोकी, त्यातली तीस माझी, म्हणजे त्या खेपेला तोडलेली माझी सगळी फुलं. पुण्याला कार्गो शेडमध्ये वजनं झाली, कागद झाले आणि विमानाला चार तास उशीर झाला. ऊन तापलेलं. फूल मान टाकताना दिसलं की मावळातल्या फुलवाल्याचा हात पाण्याकडे जातोच. कुणाला न विचारता मी खोक्यांतल्या कागदांवर पाणी मारलं. माझं बघून सगळ्यांनी मारलं.

दादा आला. त्यानं पहिलंच खोकं उचललं आणि खाली ठेवलं.

"ह्ये कागदावरलं वजन न्हाई."

त्यानं पाचशेच्या पाचशे खोकी पुन्हा काट्यावर घेतली. खोक्यामागे सव्वा किलो पाणी, सगळं मिळून सव्वासहाशे किलो जादा. विमान आधीच काठोकाठ भरायचं होतं.

"तीस खोकी उतरवावी लागत्यात," दादा म्हणाला. "राजेंद्रची उतरवा."

माझं डोकं फिरलं. "पाणी सगळ्यांनी मारलंय. माझीच का?"

"सगळ्यांनी मारलंय म्हनूनच. दुसऱ्याची कुन्या तोंडानं काढू? घरची काढतोय."

मी भांडलो. चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. तो वर न बघता पट्टे आवळत राहिला. वैमानिक आला, कागदाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. "नथूजी, ठीक?" एवढंच विचारलं. दादानं मान हलवली आणि विमानात चढून मालाशेजारच्या आसनावर बसला. तेव्हा कुठे मला उमगलं. पाणी मारताना मला फुलं दिसत होती, त्यांच्याशेजारी दादा बसणार हे सुचलंच नव्हतं. विमान धावपट्टीवरून अगदी सहज उचललं गेलं. बाकीचे फुलवाले माझ्याकडे बघत होते. माझी मान ताठ होती, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी वाटेतच दादाचा गुवाहाटीहून फोन आला. तीस खोकी घेऊन टेम्पो घरी आला तेव्हा बायको अंगणातच होती. खोक्यांकडे तिचं लक्ष गेलं नाही.

"पोचली का फुलं?" अनघानं विचारलं.

"दादा पोचला," मी म्हणालो.