फोटोपुरती वाचक

"हात फिरव. वाचल्यासारखं कर," ग्रंथपाल साहेब माझ्या कानाशी पुटपुटले.

वाशीमच्या वाचनालयात आंधळ्यांच्या पुस्तकांचं कपाट आलं होतं. उद्घाटनाला आंधळं माणूस पाहिजे, म्हणून इंझोरी गावाहून मला बोलावलं. मी पूर्ण आंधळी नाही. बारीक अक्षर दिसत नाही. त्यापायीच सातवीत शाळा सुटली. बोलावलं याचेच उपकार वाटत होते. एखादं पुस्तक घरी नेऊ देतील, एवढीच आशा.

समोर जाड पान. नुसते ठिपके. ते मला कोणी शिकवलेच नव्हते.

"साहेब, मले हे येत नाही."

त्यांनी माझं बोट धरलं अन् पानावरून ओढलं. फोटो निघाले. पाहुण्यानं विचारलं, "काय वाचून राह्यली बाई?"

साहेबच बोलले, "बोधकथा आहे."

टाळ्या वाजल्या. मी मान हलवली. त्याची लाज अजून जात नाही.

पाहुणे गेले. कपाटाला कुलूप लागलं. मी मेंबर करून घ्या म्हटलं.

"तुले वाचता येत नाही. मेंबर कायले होतं? नाश्ता केला ना?"

सोबत आलेला माझा बाप हसला. "चाल माय. साहेबानं बोलावलं हे काय कमी हाये?"

पुढच्या वर्षी फोटोसाठी न्यायला पुन्हा वाचनालयाची गाडी आली. कपाट तसंच बंद होतं, ड्रायव्हरनंच सांगितलं. मी म्हटलं, "येत नाही. आधी शिकवणारा आणा." गाव म्हणालं, आंधळी माजली. बापही तेच म्हणाला.

आता पुण्यात दवाखान्याच्या चादरी इस्त्री करते. खोलीतली मैत्रीण जन्मांध आहे. रविवारी ठिपके शिकवते. तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण इस्त्रीनं बोटं निबर झाली. एका अक्षराच्या सहा ठिपक्यांतले तीनच बोटाला लागतात. बहुतेक मला हे ठिपके वाचता येणारच नाहीत. हे तिला अजून सांगितलं नाही.

दर सुटीत वाशीमला जाते. जाड मार्करनं लिहिलेला मेंबरचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवते. साहेब अर्ज न वाचताच "नाही" म्हणतात. मी परत येते.

यंदा तोंडचं "नाही" ऐकून उठणार नाही. ते लिहून द्या म्हणणार. सही-शिक्क्यानं. अन् मला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.