कोरड्या तलावाचा जीवरक्षक

गावातल्या जलतरण तलावात पाणी जेमतेम तीन उन्हाळे टिकलं. विहिरीवर पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधून पोहणं शिकवणारा नागसेन तिथं रोजंदारीवर जीवरक्षक म्हणून लागला होता. पुढं पंप बिघडला, तलाव आटला. नागसेनची हजेरी मात्र चालूच राहिली, एकूण अकरा वर्षं.

"अवो, पुण्याचा पोहण्याचा क्लब नोकरीला बोलवायलाय. जाऊ की," बायको संघप्रिया म्हणाली. "हितं काय फरशा बुडायल्यात का?"

"कायम करायची फाईल वर गेलीय. आता खाडा केला तर अकरा वर्षं वाया."

"मागल्या साली बी हेच म्हणलात."

नागसेननं क्लबकडं महिन्याची मुदत मागितली. चौथ्या दिवशी त्यांनी दुसरा माणूस ठेवल्याचं कळलं. संघप्रियानं भरायला काढलेली ट्रंक माळ्यावर टाकली आणि त्याचा डबा भरून दिला.