लोटनभाऊंचा रणगाडा

“ताई, मला मळलेला रणगाडा पाहिजे,” असं म्हणत लोटनभाऊ पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर उभे राहिले. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. धुळ्याच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते. समोर चाळिशीचा माणूस, अंगाला टर्पेंटाइनचा वास, नखांच्या कडेला हिरवा रंग, सदऱ्याच्या खिशात भिंग. मी सैन्याविषयीची दोन इंग्रजी मासिकं काढून दिली. त्यांनी एकेका फोटोवर भिंग धरलं आणि मासिकं परत केली. हे सगळे संचलनातले आहेत, म्हणाले, धुऊनपुसून उभे केलेले. कामावरचा असला तर दाखवा.

लोटनभाऊंना जाऊन आता वर्ष होईल. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर, ते कोणत्याही वस्तूकडे उभ्याने पाहत नसत. आधी तिच्या उंचीला खाली बसत, एक डोळा मिटत आणि मगच तिच्याविषयी बोलत. आमच्या नव्या कपाटांकडेही त्यांनी असंच पाहिलं आणि सुताराने पॉलिश कुठे कुठे चोरलं होतं ते मला बोट ठेवून दाखवलं. मी ती कपाटं महिनाभर रोज पुसत होते, माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

ते बसगाड्या दुरुस्त होणाऱ्या एका कारखान्यात पेंटर होते. गाडीच्या कपाळावरची अक्षरं ते पट्टी न लावता काढत. हाताखाली आलेला नवा माणूस उरकायला लागला की त्याच्या हातातला ब्रश काढून घेत आणि म्हणत, “भाऊ, तुले घाई शे ना, मग गोठाले चुना मारी ये.” यात राग नसे. गोठ्याला चुना लावणं हेही काम आहे, पण ते वेगळं, एवढंच त्यांना म्हणायचं असे.

रणगाडा ते घरी करत होते. हातभर लांबीचा. पत्रा गोडेतेलाच्या डब्यांचा, पट्टे सायकलच्या चेनचे, तोफेची नळी स्टोव्हच्या पितळी नळीची. कारखान्यातले सोबती त्यांना विचारत की लोटन, लाहोरला कधी निघतोस. ते चेहरा न हलवता सांगत, पुट्टी वाळली की.

हे सगळं कशासाठी, ते मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळलं. पिंपळनेरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथला भिवसन त्यांचा वर्गसोबती. दोघं एकाच दिवशी भरतीच्या रांगेत उभे राहिले. लोटनभाऊंचे तळपाय सपाट निघाले म्हणून त्यांना परत पाठवलं. भिवसन गेला, रणगाड्यावर तोफची झाला आणि एकाहत्तरच्या लढाईत त्या रणगाड्यातच संपला. घरी आली ती तार आणि नंतर त्याच्या सामानाची एक पेटी. भिवसनची आई, जिला सगळं गाव अक्का म्हणे, ती लोटनभाऊ गावी गेले की प्रत्येक वेळी एकच विचारायची: “तो कसामा बसेल व्हता रे?” माझा मुलगा बसला होता ते होतं तरी कसं. तिने जन्मात ट्रॅक्टरपेक्षा मोठं यंत्र पाहिलं नव्हतं. लोटनभाऊंनी एकदा मातीत काडीने चित्र काढून दाखवलं. अक्काने ते पाहिलं आणि म्हणाली, हे तर बैलगाडीसारखं दिसतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं.

“जसा होता तसा तिला दिसला पाहिजे,” ते मला म्हणाले. “जे आपल्याला माहीत नाही ते रंगवायचं नाही.” रणगाड्याच्या मागच्या बाजूचा फोटो आम्हाला दीड वर्ष मिळाला नाही, तर दीड वर्ष ती बाजू त्यांनी नुसत्या रेड ऑक्साइडच्या तांबड्या अस्तरावर ठेवली.

सांगाडा उभा राहिल्यावर रंगाला आणखी वर्ष गेलं. पुट्टी, मग पाणी लावून पॉलिश पेपरने घासणं, मग रंगाचा हात, पुन्हा घासणं. डब्यातला हिरवा रंग चकचकीत होता. त्याची चमक मारायला त्यांनी खडूची पूड वस्त्रगाळ करून त्यात घातली. बारीक कुंचल्यासाठी जळगावला जाऊन आले. सगळ्यात शेवटी धूळ. आपल्याकडची काळी माती चालणार नाही, सरहद्दीवरची फिकट असते, असं त्यांना पारोळ्याच्या एका निवृत्त जवानाने सांगितलं होतं. मग पांझरा नदीच्या काठचा गाळ वाळवला, मलमलीतून गाळला, पिवळसर छटेसाठी पिवडी मिसळली, टर्पेंटाइनमध्ये कालवला. तो अंगभर लावायचा आणि चिंधीने असा टिपायचा की फक्त खाचाखोचांत राहील. धूळ धरून ठेवायला व्हार्निश थेंबभरच घातलं होतं. जास्त घाला, मी म्हटलं, नाहीतर निघून येईल. “मग ती चमकेल. चमकणारी धूळ कोणी पाहिली आहे का ताई?” या एकट्या धुळीला त्यांनी दीड महिना दिला. पूर्ण झालेला रणगाडा त्यांनी वाचनालयात आणून माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मी नकळत खालची वही काढून घेतली. वहीला माती लागेल असं मला वाटलं होतं. यावर ते खूप हसले.

माझं माहेर पिंपळनेरचं. भाऊबीजेला मी निघाले त्याच बसने तेही निघाले, मांडीवर खोकं घेऊन. खोक्यात कापूस आणि कापसात रणगाडा. कंडक्टरने विचारलं, कोंबडी शे का. लोटनभाऊ गंभीरपणे म्हणाले, रणगाडा. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन तिकिटं फाडली. मलाही चला म्हणाले म्हणून त्यांच्या गावी मीही उतरले.

अक्का ओट्यावर बसली होती. लोटनभाऊंनी कापूस बाजूला केला आणि रणगाडा तिच्यासमोर पाटावर ठेवला. तिने तो चारी बाजूंनी पाहिला. मग आत जाऊन हळदकुंकू आणलं, पुढच्या पत्र्यावर बोट टेकवलं आणि बोट मागे घेऊन पाहिलं.

“गाडी कितली मयेल शे रे,” ती म्हणाली. “मना भिवसननी आपली सायकलवर कधी धूय बसू दिधी नही.”

तिने लुगड्याचा पदर तांब्यात बुडवला आणि पुसायला लागली. पुढचा पत्रा, मग वरचा घुमट, मग तोफेची नळी. मुलाचं तोंड पुसावं तसं, कोपऱ्यांत बोट घालून. दीड महिन्याचा गाळ पदरावर उतरत होता. मी लोटनभाऊंकडे पाहिलं. ओल्या रंगावर माशी बसली तर दोन दिवस न बोलणारा हा माणूस. ते खाली बसले, एक डोळा मिटला आणि पुसलेल्या पत्र्याकडे पाहिलं. धुळीखाली जो रंग कोणाला दिसणार नव्हता तो सगळीकडे एकसारखा होता. त्यांनी खिशातून कुंचला काढला आणि तांब्यात बुडवला.

“अक्का, चाकं मी करस. तुन्हं बोट जावाव नही तठे. तू वरतून पूस.”

दोघांनी मिळून रणगाडा लख्ख केला. मग त्यांनी घुमटावरचं झाकण उघडलं. आत तोफचीची बसायची जागा केलेली होती, ती मीही तोवर पाहिली नव्हती. इथे, त्यांनी सांगितलं. अक्काने आत बोट घातलं. पत्र्याला टेकवून ठेवलं.

“मझार हिव लागे का रे त्याले?”

आत थंडी वाजायची का. ती लढाई डिसेंबरातली. तिने विणायला दिलेला स्वेटर पाठवायचा राहून गेला होता, हे लोटनभाऊंनी मला बसमध्ये सांगितलं होतं. ते क्षणभरही थांबले नाहीत.

“नही अक्का. इंजिन मांगेच ऱ्हास. मझार उबारा ऱ्हास.”

अक्काने मान हलवली, झाकण लावलं आणि आम्हाला जेवायला बसवलं.

मला बसमध्ये बसवून द्यायला ते फाट्यापर्यंत आले. रस्त्याकडे बघत म्हणाले, “ताई, मी आज माहीत नसलेलं बोललो. आत ऊब असते का, एवढं पुस्तकातून पाहून ठेवा.”

मी शोधलं. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या इंग्रजी आठवणींत ते सापडलं. त्याने लिहिलं होतं: इंजिनाची ऊब मागच्या जाळीतून बाहेर जाते. थंडीत आतलं लोखंड माणसाच्या अंगातली ऊब ओढून घेतं. आम्ही घोंगड्या पांघरून बसत असू आणि बोटं बधिर होत. तो परिच्छेद मी दोनदा वाचला.

शनिवारी दुपारी ते आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून मराठीत सांगत असे, आणि इतक्या वर्षांत एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. त्या दिवशी मी ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, इंजिन चालू असलं की आत चांगली ऊब असते, असं लिहिलंय. याचा मला तेव्हा संकोच वाटला नाही, आजही वाटत नाही.

त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. समोरच्या पानावर फोटो होता. रणगाड्यावर बसलेले चार जवान, अंगात जाड कोट, डोक्याला कानटोप्या, एकाने दोन्ही हात काखेत घातलेले. लोटनभाऊंनी वाकून त्या काखेतल्या हातांवर भिंग धरलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

“तुम्ही आत्ता वाचलं ते कागदावर लिहून द्या,” ते म्हणाले. “अक्काला वाचून दाखवतो.”

मी लिहून दिलं, दोनच ओळी. त्यांनी कागद उजेडात धरला, अक्षर तपासलं आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवला.

“वाचनालयाचा शिक्का मारा, ताई. तिची खात्री पटली पाहिजे.”

मी पॅड उघडलं. शिक्का तिरका बसू नये म्हणून त्यांनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.