दाखवबाई

वर्तकनगरच्या आमच्या शाळेत तिसरीला मराठी शिकवणाऱ्या बाईंना वर्गाने ‘दाखवबाई’ हे नाव ठेवलं होतं. कोणी “डोकं फिरलं” म्हटलं, की त्या खडू पुढे करायच्या. “दाखव बघू, कसं फिरतं.” मग फळ्यावर भोवऱ्यासारखं डोकं उमटायचं. वर्गाचं हसून झालं, की त्या विचारायच्या, “आता खरं काय झालंय, ते सांग.”

हा दुसरा प्रश्न मला जमायचाच नाही. पोटात कावळे ओरडले म्हणजे भूक लागली, हे मी पाठ केलेलं. पण कावळेच का, चिमण्या का नाहीत, तिथेच मी अडकायचे. एकदा विचारलंच. बाई म्हणाल्या, “मलाही माहीत नाही गं. पण चिमण्यांनी एवढी घाई केली नसती.” मी अजूनच गोंधळले.

त्याच वर्षी बाबांना कावीळ झाली. ते रिक्षा चालवायचे. शेजारच्या काकू फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, “अगं, त्यांनी तर अंथरूणच धरलंय.” मी आत जाऊन पाहिलं. बाबा झोपलेले, दोन्ही हात पोटावर. म्हणजे धरलेलं अंथरूण सुटलं की काय? मी घाबरून गादीचा कोपरा घट्ट धरला. आईने जेवायला हाक मारली तरी उठेना. सकाळी शाळेत जाताना रडारड केली, “आता कोण धरणार?” आईला काहीच कळेना. दमलेली होती बिचारी, माझ्यावरच ओरडली.

त्या दिवशी बाईंनी मला फळ्याशी बोलावलं नाही. बाकावर शेजारी बसल्या आणि माझीच वही पुढे सरकवली. “दाखव बघू.” मी गादी काढली, बाबा काढले आणि कोपरा धरलेली मी.

“आणि सोडलंस तर?”

“बाबा पडतील.”

“कुठे?”

“माहीत नाही.”

संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या, तेव्हा मी पुन्हा गादीचा कोपरा धरून बसले होते. बाबांना म्हणाल्या, “काय झालंय ते हिला तुम्हीच सांगा. साधं आणि खरं.” बाबा उशीला टेकून बसले. आपले पिवळे डोळे मला दाखवले. “लिव्हरला सूज आलीय, बाळा. अंगात ताकद नाही, म्हणून झोपून असतो. औषध चालू आहे.”

“बरे होणार?”

“डॉक्टर म्हणतात, होईन. सोड आता गादी.”

मी सोडली. बोटं आखडली होती. बाई ती चोळत बसल्या. दोनेक महिन्यांनी बाबांनी पुन्हा रिक्षा काढली.

वर्ष संपताना बाईंची बदली झाली, संस्थेच्या शहाडच्या शाळेत. शेवटच्या दिवशी दारात वळून त्या म्हणाल्या, “येते हं.”

चौथीचे पहिले दोन आठवडे मी वर्गाच्या दाराकडे बघत काढले. शेवटी आईला विचारलं.

“अगं, निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत,” आई म्हणाली. “‘येते’ म्हणायचं.”

“मग खरंच यायचं असेल तर?”

आईने चिरलेली भाजी पातेल्यात टाकली. “तेव्हाही ‘येते’च,” ती म्हणाली.