फेर कोणीकडून धरायचा

सकाळच्या धारा आटोपल्या, शेड धुतली, आणि दुपारच्या धारांना मी वेळेवर परत येईन हे बॉसला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "दत्ता, मेट, ऐकलं मी. स्वीट अ‍ॅज." म्हणजे हरकत नाही. इथली माणसं हे इतकं सहज म्हणतात की मला उलट धास्ती वाटते. नववीत शाळा सोडलेला माणूस मी. व्हिसा कामावर आहे, आणि काम म्हणजे या गाई.

गाडीत दुधाचा कॅन ठेवला, शेजारी घोड्याच्या शेपटीचे धुतलेले केस एका पिशवीत. मॉरिन्सव्हिलहून हॅमिल्टन, तिथून रॅग्लनच्या बाजूला. डिसेंबर म्हणजे इथला उन्हाळा, ऊन होतं. कुरणांत गवताचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले, टेकड्या हिरव्यागार. एका वळणावर कॅनचं झाकण निघालं आणि थोडं दूध पायपुसण्यावर सांडलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत (इथे वाणसामानाच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात, दुभत्याचा तिथे संबंध नाही) कागदी रुमाल घेतले, गाडी पुसली. वास राहिलाच.

मी निघालो होतो तुयाराकडे. तुयारा हॅमिल्टनला नर्स आहे, राहते रॅग्लनच्या बाजूला. ती याकूत, म्हणजे सायबेरियातल्या याकुतियाची. दोन वर्षांपूर्वी गाईची लाथ बसून माझा हात मोडला, तेव्हा वॉर्डात डॉक्टर काय बोलतात ते मला कळेना आणि विचारायची हिंमत होईना. ही बाई ड्यूटी संपल्यावर खुर्ची ओढून बसली आणि सगळं सावकाश सांगितलं. म्हणाली, "माझंही इंग्रजी दुसऱ्या हाताचं आहे, दत्ता. आपण हळू चालवू." ते मी विसरलेलो नाही. म्हणून तिने इस्याखसाठी दूध मागितलं तेव्हा बॉसला विचारून आधीच्या आठवड्यात पोचवलं, आणि आज ताजं घेऊन निघालो.

इस्याख म्हणजे त्यांचा उन्हाळ्याचा सण, एका अर्थी त्यांचा पाडवा. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या आसपास घोडीचं आंबवलेलं दूध, कुमिस, अग्नीला आणि धरतीला देतात, गातात आणि फेर धरतात. त्यांच्याकडे तो जूनमध्ये. इथे जूनमध्ये थंडी आणि चिखल, म्हणून तुयाराने डिसेंबर धरला.

तिच्या घरामागच्या हिरवळीवर दोन झाडांच्या मध्ये रंगीत चिंध्यांची दोरी बांधली होती. मधोमध घोडा बांधतात तसा कोरीव खांब. तुयाराची मुलगी कुन्नेय फोनवरून स्पीकरला याकूत रॅप लावून बसली होती. गाण्यात ढोलाच्या ठेक्यामागे काहीतरी गुणगुणत होतं. ते काय म्हणून विचारलं तर तिने खिशातून लोखंडाचं वाद्य काढलं, दातांशी धरलं आणि बोटाने छेडलं. आपल्या मोरचंगाचा भाऊच. ते त्याला खोमुस म्हणतात. तिने आधी घोड्याची टाप वाजवली, मग वारा, मग म्हणाली, "अँड धिस इज अवर वॉशिंग मशीन." कुन्नेयला याकूत सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आपल्या ऑकलंडच्या मुलांसारखंच.

खुर्चीत कुन्नेयची आजी बसली होती, महिन्याभरासाठी याकुतियाहून आलेली. सगळे तिला एबे (आजी) म्हणतात, मीही म्हणालो. सणासाठी आणलेली तिची घोड्याच्या केसांची चवरी विमानतळावर ठेवून घेतली होती, प्राण्यांचे केस देशात आणता येत नाहीत म्हणून. मी पिशवी दिली. तिने केस हुंगले, ओढून पाहिले आणि काहीतरी बोलली. तुयारा म्हणाली, "लठ्ठ घोडा आहे म्हणतेय."

उघड्यावर जाळ करायला उन्हाळ्यात बंदी होती, त्यामुळे अग्नी म्हणजे गॅसचा बार्बेक्यू. एबेने त्याच्यावर कुमिस शिंपडलं, लोणी घातलं, धिरड्यासारख्या पोळीचा तुकडा टाकला आणि लांब सुरात आशीर्वाद म्हटला. मला माझा दिवा आठवला. क्वार्टरमध्ये ज्योत लावली की छतावरचा धुराचा भोंगा ओरडतो, म्हणून देवापुढे बॅटरीचा ठेवतो. आईला 'दिवा लावतो' एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

कुमिस माझ्याच गाईंच्या दुधाचं. आंबट ताकासारखी, किंचित दारूची झाक असलेली चव. मासा, बटाटे आणि गोमांस होतं. मी मासा घेतला.

मग फेर धरायची वेळ आली आणि एबे उठेना.

त्या फेराला ओसुओखाय म्हणतात. एक जण ओळ रचून गातो, बाकीचे हातात हात गुंफून तीच ओळ परत गातात आणि पावलं टाकत फिरतात. ओळ रचणारं इथे एबेशिवाय कोणी नव्हतं, आणि ती पुढच्या आठवड्यात परत जाणार होती. गुडघे गेलेत, पुन्हा एवढा प्रवास होणार नाही. कुन्नेयने ओसुओखाय फक्त फोनवर पाहिलेला. तुयारा महिनाभर याचीच वाट बघत होती.

"महिना बदलला, मी काही बोलले नाही," एबे म्हणाली. तुयारा मला हळू आवाजात सांगत होती. "घोडीची गाय झाली, ठीक. अग्नीला बटण आहे, ठीक. पण फेर सूर्याबरोबर जातो. आणि इथला सूर्य उलटा चालतो."

ऑकलंडहून आलेला एक याकूत विद्यार्थी म्हणाला, "एबे, घरी धरतो तसाच धरू. डावीकडे, घड्याळासारखा."

"मी घड्याळाची पूजा करत नाही. सूर्याविरुद्ध फेर जिवंत माणसं धरत नाहीत."

खरंच होतं. इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्याच्याकडे तोंड केलं तर तो उजवीकडून डावीकडे जातो. इतकी वर्षं इथे राहून मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

तुयारा माझ्याकडे वळली. "तुम्हीही फिरता ना देवाभोवती? सांग तिला."

मी म्हणालो, "आमच्या गावात औदुंबराला प्रदक्षिणा घालतो. देव उजव्या हाताला ठेवायचा. इथल्या देवळातही तसंच."

एबे म्हणाली, "याचं सोपं आहे. याचा देव जागेवर बसतो. आमचा चालतो."

सगळे हसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "आमच्या शेडमध्ये गाई गोल फिरत्या फलाटावर उभ्या असतात. आधीच्या फार्मवर तो एका बाजूने फिरायचा, इथे दुसऱ्या. गाई दूध देतातच."

तुयाराने हे सांगावं की नाही असा चेहरा केला, पण सांगितलं.

"घाबरत नाहीत?" एबेने विचारलं.

"नव्या असतात तेव्हा घाबरतात. मग सवय होते."

"आणि तू?"

"मला अजून होतेय."

ती खुर्चीतून उठली. मग काठी टेकत खांबाकडे गेली. खांबाची सावली जिथे संपत होती तिथे आपला लाकडी पेला ठेवला आणि उभी राहिली. कुन्नेयने स्पीकर बंद केला. सूर्य डावीकडे जात होता, तशी सावली पेल्यावरून सरकली, उजवीकडे. एबेने उजवा हात वर केला.

"सूर्य हाच आहे," ती म्हणाली. "आणि तो इकडून जातोय. चला."

माणसं थोडी होती, कडं जुळेना. धारांची वेळ होत आली म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो, तेवढ्यात कुन्नेयने माझ्या कोपरात कोपर अडकवला. एबेने पहिली ओळ उचलली. त्या वाळक्या अंगातून इतका आवाज कुठून आला कळलं नाही. माझा पाय सवयीने डावीकडे पडला आणि मी थेट कुन्नेयवर आदळलो.

"अदर वे, दत्ता अंकल," ती म्हणाली, आणि पुढची ओळ याकूतमध्ये गायली. तिची आई पलीकडून बघत होती. तिचे ओठ हलायचे थांबले होते. मग तिनेही ओळ धरली.

नंतर तुयाराने अर्थ सांगितला: सूर्या, तू वाट बदललीस, आम्हीही बदलली, लठ्ठ घोड्याचे केस मिळाले, एक परका माणूस दूध सांडत आला. गाडीतला वास तिथपर्यंत गेला होता तर.

निघताना एबेच्या पाया पडलो. विचारलं, "गावात काय सांगाल, कोणीकडून धरला?"

"सूर्याबरोबर धरला," ती म्हणाली. "कोणी त्यापुढे विचारत नाही."

परत पोचलो तेव्हा बॉसने गाई आवारात घेतल्या होत्या. मी माफी मागू लागलो तर त्याने हातमोजे पुढे केले. फलाट फिरू लागला. उजवीकडे.

धारा झाल्यावर आईला फोन लावला. सण कसा झाला ते सांगितलं. तिने नेहमीचं विचारलं, "दिवा लावतोस ना रोज?"

"लावतो," मी म्हणालो, आणि यावेळी विषय बदलला नाही.

"बरं," ती म्हणाली.