प्रत्येक दाराशी थांबणारी घोडी

गिरधरचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. आधी तो चारला संपायचा.

शहाद्याकडच्या साखर कारखान्यात आम्ही दोघं गव्हाणीवर होतो. गाडीतून उतरलेला ऊस ज्या पट्ट्यावर पडून आत कापायला जातो, ती गव्हाण. चारच्या भोंग्याला तिसरी पाळी सुटायची. गिरधरने बहुतेक आयुष्य तिसऱ्या पाळीत काढलं. तिसरीला माणसं मिळत नसत, आणि त्याला नाही म्हणता येत नसे. भोंगा झाला की तो सायकलवर तापीकाठच्या आपल्या गावी यायचा आणि दार लावून झोपायचा. गल्लीचा आवाज नको म्हणून पुढचं दार कायमचं बंद. त्याची बायको निर्मलाबाई मागच्या अंगणातून ये-जा करायची. दिवसा भांडं खाली ठेवायचं तर आधी फडकं अंथरायची. नोकरी असेपर्यंत हे असंच चाललं. गल्लीत नव्याने आलेल्या सुनांना ते घर रिकामं वाटायचं.

सायकलवरून येताना त्याला एक गोष्ट दिसायची. सारंगखेड्याची यात्रा, म्हणजे घोड्यांचा बाजार, भरली की घोडेवाले पहाटे घोडे नदीवर आणत. तापीच्या पुलाखाली धुकं असे. माणसं दिसत नसत, घोड्यांचे पाय दिसत नसत. धुक्यावर अलगद ठेवल्यासारख्या नुसत्या माना. मग सूर्य वर यायचा आणि त्या माना एकेक करून तांबड्या व्हायच्या. उजाडेपर्यंत गिरधर सायकलवरून एक पाय टेकवून बघत थांबायचा.

मला त्याने हे एकदाच सांगितलं, गव्हाणीवर, उसाची मोळी ओढता ओढता. “माले एकदाव घोडावर बठीसन तठून सूर्य देखना शे.”

मी हसलो नाही. तिसऱ्या पाळीत माणूस असं बोलतो.

नोकरी संपली, फंड हातात आला, आणि पुढच्याच यात्रेत त्याने घोडी घेतली. पांढरी, अंगाने भरलेली, डोळ्याने गरीब. त्याने तिचे दात पाहिले, डोळ्यांसमोर हात हलवला, चारही पाय उचलून नाल तपासली. विकणारा म्हणाला, “शांत आहे. लेकरू बसवा.” हे खोटं नव्हतं. घोडीची शेपटी टोकाला नारिंगी होती, खुरांवरही तोच रंग होता. ही मेंदी कशासाठी, हे गिरधरने विचारलं नाही. शोभेची असेल, असं त्याला वाटलं.

पहिले काही दिवस तो बसलाच नाही. घरामागच्या वाडग्यात, जनावरांच्या आवारात, तिला हाताने फिरवलं. चारला उठायचं, ठाणातलं ओलं काढायचं, कोरडं पसरायचं, खुरातले खडे काढायचे, खरारा करायचा, पाणी पाजायचं. घोडी पाळणं म्हणजे हे. बसणं सगळ्यात शेवटी येतं. मला घोड्यातलं कळत नाही, कामातलं कळतं. गिरधरच्या ठाणात कधीही जा, जमीन कोरडी असायची.

मग एका पहाटे त्याने खोगीर कसलं. गल्लीतून नदीवर जायला चालत अर्धा तासही लागत नाही. सूर्याला वेळ होता. धुकं गल्लीत उतरलं होतं आणि दारांवरचे दिवे त्यात विरघळून पिवळे झाले होते.

पहिल्या दिव्याशी घोडी थांबली.

मान वाकवली, उजवा पाय उचलून धरला आणि तशीच उभी राहिली. गिरधरने टाच लावली, चुचकारलं, लगाम सैल सोडला. घोडी हलेना. ते दार सरलाबाईचं होतं. एकटी म्हातारी. ती सडा टाकायला बादली घेऊन बाहेर आली आणि दारात पांढरी घोडी पाहून जागीच थबकली.

“कोन शे रे?”

“मी. गिरधर.”

“कोन गिरधर?”

दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं. “निर्मलाना घरवाला.”

“अरे वा!” सरलाबाईने बादली खाली ठेवली. “मंग नवरी कोठे शे?”

घोडीने तिच्याकडे नाक पुढे केलं. दारात घोडी आली तर बाई काय करील? सरलाबाई आत गेली, गुळाचा खडा आणि कुंकू घेऊन आली. कपाळाला बोट लागलं, गूळ पोटात गेला, आणि घोडी आपणहून चालू लागली. पुढच्या दिव्यापर्यंत.

नदी आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं.

काठावर निंबाखाली रोज पहाटे घोडेवाले जमतात. घोड्यांना पाणी दाखवतात, अंग धुतात, चहा पितात आणि एकमेकांना सल्ले देतात. सल्ल्यांना तिथे तोटा नाही. करणसिंगकडे काळा घोडा आहे, रेवाल चालीचा. त्या चालीत पाठ हलत नाही. करणसिंग हातावर चहाचा कप ठेवून येतो आणि थेंब सांडला नाही असं सांगतो. त्याच्या सदऱ्यावर डाग असतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. नवनीत केळीवाला. त्याची घोडी त्याच्या खिशात तोंड घातल्याशिवाय पाणी पीत नाही.

करणसिंगने शेपटी पाहिली आणि कप खाली ठेवला. “आप्पा, तू घोडी नही लिन्ही. मांडव लिन्हा.”

“म्हंजे?”

“वरातनी घोडी शे ही. दार उनं का थांबस. आरती व्हयनी, गूळ भेटना, का चालस. जल्मभर तिनं हाईच करेल शे.”

नवनीत म्हणाला, “झापडं बांधा डोळाले. दिवाच दिसाव नही.”

“झापडं कसाले? मन्हा घोडाना मांगे लाव. मांगे मांगे येई.”

“तुन्हा घोडाना मांगे फक्त चहाना डाग येतस,” नवनीत म्हणाला, आणि सगळे हसले.

मग गोष्ट दुसरीकडे गेली. हरभरे रात्रभर भिजवावेत की दोन तास. घास कापल्या कापल्या घालू नये, सुकू द्यावा, नाहीतर पोट धरतं. घोडा घामाघूम झाला की आधी फिरवावा, मग पाणी. गिरधर सगळं ऐकत होता. शेवटी उठताना म्हणाला, “यात्रालोंग सरळ चालनी ते ठेवसू. नही ते यात्रामा उभी करसू.”

म्हणजे पुढच्या यात्रेपर्यंत मुदत. ज्या कामाला आणलं ते होत नसेल तर ठेवायचं कशाला? त्याचा हिशेब साधा होता.

त्याने झापडं बांधून पाहिली. घोडीला दिवे दिसेनात, पण सडा टाकल्याचा आवाज ऐकू यायचा, चुलीचा धूर कळायचा. आता ती अंधारी दारंही सोडीना. करणसिंगच्या घोड्यामागे लावली, तर पहिल्या दारापर्यंत गेली आणि पाय उचलून उभी राहिली. काळा घोडा धुक्यात दिसेनासा झाला. शेताच्या वाटेने नेली. केळीच्या पानांवरून दव टपकत होतं, वाट मऊ होती, माणूस नव्हता. गिरधरला वाटलं, जमलं. पुढे विहिरीवर मोटारीच्या खोलीला दिवा होता. घोडी त्या दिव्यासमोर थांबली. गूळ द्यायला कोणी नव्हतं. दिवस वर येईपर्यंत दोघं तिथेच.

कोणी म्हणालं, चाबूक. गिरधरने चाबूक घेतला नाही. मी कारण विचारलं. तो म्हणाला, “ती कामचुकारी करी ऱ्हायनी का? शिकाडेल काम पुरं करी ऱ्हायनी.”

हे खरं होतं. उन्हाळा असो, पाऊस असो, तिने एक दार सोडलं नाही. घाईत पाय अर्धवट उचलला नाही. मान जितकी वाकवायची तितकी वाकवली. त्यालाही गव्हाणीवर अर्धी मोळी ओढून सोडताना कोणी पाहिलं नव्हतं.

महिने गेले. गल्लीला सवय झाली. आधी बायका चिडवायच्या, “नवरदेव उना वं!” मग गुळाचे खडे दारातल्या कोनाड्यात दिसू लागले. रेवाबाई म्हशीचं दूध काढता काढता उठून यायची. एका घरची मोहिनी, घोडी येण्याच्या जरा आधीच लग्न होऊन आलेली, घोडीच्या कपाळाला हात लावताना डोळे मिटायची. तिचा नवरदेव ज्या घोडीवरून मांडवात आला ती हीच असेल, असं तिला वाटायचं. असेलही.

गिरधर आधी नुसता बसून राहायचा. मग “राम राम” म्हणू लागला. मग सरलाबाईचा गुडघा कसा आहे, रेवाबाईच्या म्हशीचं हे कितवं वेत, हे त्याला कळू लागलं. थंडी परत आली. गल्लीत धुकं इतकं दाट असायचं की बाई दिसायची नाही. पिवळ्या उजेडातून बांगड्या भरलेला हात पुढे यायचा, हातावर गूळ असायचा, आणि घोडीचा श्वास त्या हातावर वाफ होऊन पसरायचा. तो मला म्हणाला होता, त्या वेळी आपण चालतोय की झोपेत आहोत, कळत नाही. सूर्य रोज वाटेतच उगवायचा. रेवाबाईच्या गोठ्याच्या वर, घोडीच्या दोन कानांच्या मधे. नदीवर तो एकदाही वेळेत पोचला नाही.

परतताना घोडी एका घरासमोरून मात्र न थांबता जायची. ते गिरधरचं. पुढचं दार बंद, वर दिवा नाही. गिरधर तिला बोळातून वळवून मागच्या वाडग्यात न्यायचा.

निर्मलाबाईने हे पाहिलं होतं. खरारा करताना ती एकदा म्हणाली, “साऱ्या गावना दारशी थांबस. आपलंच घर तिले घर वाटत नही.”

“जनावर शे,” गिरधर म्हणाला.

“हा. जनावरलेबी समजस.”

यात्रा आली. घोडी सरळ चालली नव्हती. गिरधर शब्दाचा माणूस. त्या पहाटे त्याने खोगीर घातलं नाही, दोरी हातात धरून चालत निघाला. घोडी गल्लीतल्या सगळ्या दारांशी थांबली. सरलाबाईने गूळ दिला आणि विचारलं, “आज बसना नही रे?”

त्याने हातातली दोरी सैल सोडली. सरलाबाईने त्या दोरीकडे पाहिलं आणि आणखी एक खडा घोडीपुढे धरला.

सारंगखेड्याला मी त्याच्याबरोबर होतो. घोडी उभी केल्यावर फार वेळ गेला नाही. गुजरातकडचा एक बँडवाला आला. मेंदी पाहूनच त्याचे डोळे चमकले.

गिरधरने आधीच सांगितलं, “ऐब आहे. प्रत्येक दाराशी थांबते.”

“काका, तेच तर पाहिजे!” तो हसला. “दुसऱ्या घोड्यांना हे शिकवायला वर्ष जातं.” त्याने ढोलवाल्याला खूण केली.

ढोल वाजला. घोडीचे कान उभे राहिले. मग ती नाचली. एवढी नाचताना तिला आम्ही पाहिली नव्हती. पुढचे पाय एकेक करून छातीपर्यंत येत होते, मान धनुष्यासारखी, अंगावरून पांढरा उजेड घसरत होता. माणसं गोळा झाली. कोणी टाळ्या वाजवल्या. ढोल चढत गेला, तीही चढत गेली. तिने जराही हातचं राखलं नाही.

ढोल थांबला. ती थांबली. गर्दी पांगायला लागली तेव्हा गिरधर पुढे झाला आणि तिच्या पुढच्या पायांवर हात ठेवून बसला. दोन्ही गुडघे थरथरत होते. थंडीच्या सकाळी तिच्या पोटाखालून घाम टपकत होता.

“दोन लग्नसराया सहज निघतील,” बँडवाला म्हणाला. “बोला काका.”

गिरधर उठला. त्याने स्वतःचं पांघरूण काढून तिच्या पाठीवर टाकलं आणि बँडवाल्याच्या हातातून दोरी घेतली.

“का हो? काय झालं?”

“तिनी पाळी सुटनी,” गिरधर म्हणाला.

बँडवाल्याला ते कळलं नाही. मला कळलं. भोंगा झाल्यावर गव्हाणीवर थांबायचं नसतं.

घाम सुकेपर्यंत त्याने तिला मैदानात हळूहळू फिरवलं, मग पाणी पाजलं. आम्ही परत निघालो. रस्त्यावर जेवढी दारं होती तेवढ्या दारांशी ती थांबली. गिरधरने कुठेही दोरी ओढली नाही. गावात पोचलो तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. सरलाबाई उन्हात बसली होती. घोडी पाहून तिने फक्त पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, “गूळ संपना रे. सकायले ये.”

निंबाखाली करणसिंगने विचारलं, “आप्पा, सरळ चालनी ते ठेवसू म्हने व्हता ना?”

“हा,” गिरधर म्हणाला, आणि घोडीच्या खुरातला खडा काढत बसला.

त्यानंतर काही दिवस तो पहाटे नदीवर दिसला नाही. मी बघायला गेलो. तो पुढच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होता. दार इतकं बसलं होतं की आम्ही दोघांनी खांदे लावले तेव्हा उघडलं. आतल्या खोलीत उजेड पडला आणि निर्मलाबाई हातातलं काम सोडून त्या उजेडाकडे बघत राहिली. घडीव दगड विकत आणले होते. ओटा मात्र त्याने स्वतः रचला. एक दगड जरा डगमगला तर पूर्ण थर काढून पुन्हा लावला. दारावर वायरमनकडून दिवा बसवून घेतला.

दुसऱ्या पहाटे घोडी बोळातून वळून गल्लीत आली. धुकं होतं. तिला नवा उजेड दिसला. ती थांबली, मान वाकवली, उजवा पाय उचलला.

दार आतून उघडलं.

“कोन शे?” निर्मलाबाईने विचारलं. तिच्या मुठीत गूळ होता.

“मी. गिरधर.”

“कोन गिरधर?” ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरला. सरलाबाईने ती गोष्ट साऱ्या गल्लीत सांगितलेली होती.

गिरधर घोडीवरच बसून राहिला. घोडी गुळासाठी नाक पुढे करून उभी. वर दिवा, खाली ओटा. तिसऱ्या पाळीच्या कमाईतलं जे शेवटचं उरलं होतं, ते ह्याला लागलं.